परीक्षेच्या दिवशी घरी राहिलेला मुलगा



एका मुलाला मी परीक्षेच्या दिवशी घरी राहायला सांगितलं होतं. त्याला ताप नव्हता, घरी कार्य नव्हतं. त्याला वाचता येत नव्हतं, एवढंच. आज मी त्या दिवसाबद्दल आणि त्यानंतर आमच्या शाळांमध्ये जे बदललं त्याबद्दल बोलणार आहे.

आधी थोडं माझ्याविषयी सांगते, कारण त्याचा पुढे संबंध आहे. माझी मराठी तुम्हाला जरा वेगळी वाटेल. मी काशीची आहे. आमच्या कितीतरी पिढ्या तिथेच झाल्या. पंचगंगा घाट, दुर्गाघाट, ब्रह्माघाट या भागातल्या गल्ल्यांमध्ये मराठी घरं आजही आहेत. घरात मराठी, शाळेत हिंदी आणि गल्लीत बनारसी बोली, अशा तीन भाषांत मी वाढले. मी पहिलीत असताना बाईंनी मांजरीचं चित्र दाखवून विचारलं, हे काय? मी हात वर करून मोठ्याने म्हणाले, "मांजर!" सगळा वर्ग हसला. बाईही हसल्या. त्या वाईट नव्हत्या, त्यांना खरंच गंमत वाटली. पण त्यानंतर कितीतरी महिने मी वर्गात हात वर केला नाही.

आता वाराणसी जिल्ह्यातल्या एका सरकारी प्राथमिक शाळेत मी शिकवते. महाराष्ट्रात जशी जिल्हा परिषदेची शाळा, तशी आमच्याकडे बेसिक शिक्षा परिषदेची शाळा. जिल्ह्यात आठ विकासखंड आहेत. प्रत्येक विकासखंडात न्यायपंचायतीप्रमाणे शाळांचे गट आहेत, त्यांना आम्ही संकुल म्हणतो. तुमच्याकडच्या केंद्रासारखंच ते. आमच्या शाळेत विणकरांची, शेतमजुरांची, ठेलेवाल्यांची मुलं येतात. बुधवारी तहरी आणि दूध असतं, त्या दिवशी हजेरी जास्त. घरात ही मुलं बनारसी बोलतात. पुस्तक हिंदीत. बाहेरच्या माणसाला वाटतं, यात काय मोठा फरक? पण सहा वर्षांच्या मुलाच्या कानाला विचारा. पुस्तकात आटा, घरी पिसान. पुस्तकात कुत्ता, घरी कुकुर. पुस्तकात बिल्ली, घरी बिलार.

तर माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षातली गोष्ट. मी चित्र दाखवलं. एक मुलगी म्हणाली, "बिलार." आणि मी, जिला स्वतःला 'मांजर' म्हटल्यावर हसले होते ती मी म्हणाले, "गलत. बिल्ली बोलो."

मला त्या क्षणी काहीच आठवलं नाही. हे मी मुद्दाम सांगते. आपल्याला वाटतं, ज्याला सोसावं लागलं तो दुसऱ्याला सोसायला लावणार नाही. तसं होत नाही. खुर्चीत बसलं की आपण खुर्चीसारखंच बोलतो.

नोकरीला काही वर्षं झाली आणि साताऱ्याच्या माझ्या मावसबहिणीने फोनवर सांगितलं, "अगं, आमच्या इथे कुमठ्याला शाळा बघायला महाराष्ट्रातून बसगाड्या येतायत." सातारा तालुक्यातलं कुमठे बीट. बीट म्हणजे एका शिक्षण विस्तार अधिकाऱ्याच्या अखत्यारीतला शाळांचा पट्टा. तिथे प्रतिभा भराडे या विस्तार अधिकारी होत्या. त्यांनी आणि त्यांच्या शिक्षकांनी ज्ञानरचनावादाने शिकवायला सुरुवात केली होती. नाव जड आहे, गोष्ट साधी आहे. मूल हे रिकामं भांडं नाही. त्याला आधीच बरंच माहीत असतं, आणि त्या माहीत असलेल्यावरच ते नवं बांधतं. शिक्षकाने बांधून द्यायचं नाही, सामान पुरवायचं. तिथे हे एका शाळेत नाही, बीटभर चाललं होतं. म्हणून लोक बघायला येत होते. चांगली शाळा एखादी सगळीकडे असते. सगळा पट्टा चांगला, हे दुर्मीळ. पुढे २२ जून २०१५ रोजी 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'चा शासन निर्णय निघाला, तेव्हा कुमठ्याचं उदाहरण राज्यभरातल्या शिक्षकांच्या तोंडी होतं.

त्यानंतरच्या एका हिवाळ्यात आमच्या शाळांना थंडीची सुट्टी होती आणि महाराष्ट्रात शाळा सुरू होत्या. मी गाडीत बसले आणि साताऱ्याला गेले. बीटमधल्या एका शाळेत दिवसभर बसले. फरशीवर रंगाने आकृत्या काढलेल्या होत्या, अंकांच्या, अक्षरांच्या, शब्दांच्या. मुलं जमिनीवर गटागटाने बसून खडे, काड्या, कार्डं घेऊन काम करत होती. आम्ही पाहुणे आत गेलो. माझ्या शाळेत असं कोणी आलं की मुलं उभी राहून एका सुरात नमस्ते म्हणतात. इथे मुलांनी मान वर करून पाहिलं आणि पुन्हा आपल्या कामाला लागली. मला ते जरा खटकलंच. मनात म्हटलं, शिस्त कमी आहे.

मी फोटो काढले. खूप काढले. परत आले, स्वतःच्या पैशाने ऑइलपेंट आणला आणि दोन रविवार खर्चून वर्गाची जमीन रंगवली. अक्षरांचा साप, अंकांची शिडी, सगळं. गावातले लोक बघायला आले. माझा फोटो व्हॉट्सअॅपच्या गटावर फिरला. आणि मुलं त्या सापावर उड्या मारत राहिली. वाचायला आधी जेवढी शिकत होती, तेवढीच शिकत राहिली.

पुढे ऑपरेशन कायाकल्प आलं. आमच्याकडे २०१८ पासून ही योजना आहे. पिण्याचं पाणी, शौचालयं, फरशी, कुंपण, वीज, फळा, अशा ठरलेल्या बाबी प्रत्येक शाळेत पुऱ्या करायच्या. चांगली योजना आहे. मुलींना शाळेत बंद दाराचं शौचालय मिळालं, याची किंमत ज्यांनी ते नसलेली शाळा पाहिली त्यांनाच कळेल. पण त्यात झालं असं की, माझ्या वर्गात टाइल्स बसल्या. बरोबर माझ्या सापावर आणि शिडीवर! कुमठ्याहून आणलेलं सगळं ज्ञान एका दुपारी सिमेंटखाली गेलं. मी मिस्त्रीकडे बघत उभी होते. तो म्हणाला, "मैडम, नीचे का रंग बहुत बढ़िया था." मी हसले, काय करणार?

आता त्या परीक्षेकडे येते.

केंद्र सरकारने ५ जुलै २०२१ रोजी निपुण भारत अभियान सुरू केलं. २०२६-२७ पर्यंत तिसरीच्या शेवटी प्रत्येक मुलाला अर्थ समजून वाचता यावं आणि साधी गणितं यावीत, हे उद्दिष्ट. दुसरीच्या शेवटी मिनिटाला ४५ ते ६० शब्द, तिसरीच्या शेवटी किमान ६०. उद्दिष्ट मला मनापासून पटतं. पाचवीत गेलेलं मूल पहिलीचा धडा वाचू शकत नाही, हे आम्ही वर्षानुवर्षं बघत होतो आणि त्याबद्दल कोणी विचारत नव्हतं. आता विचारायला लागले. बाहेरून डी.एल.एड.चे प्रशिक्षणार्थी येतात, मोबाइलमधल्या अॅपवर एकेका मुलाला वाचायला देतात, आणि पुरेशी मुलं पुढे गेली तर शाळा 'निपुण विद्यालय' म्हणून जाहीर होते.

आमच्या शाळेची तारीख ठरली. माझ्या वर्गात एक मुलगा होता. त्याचं नाव मी सांगणार नाही, तो मोठा होतोय आणि उद्या हा व्हिडिओ तो स्वतः बघेल. बाप विणकर. लग्नसराई आली की घरी हात कमी पडतात, म्हणून हा महिना महिना शाळेत नसायचा. तिसरीत होता आणि अक्षरं सुटी सुटी वाचायचा. आदल्या दिवशी त्याची आई धाकटीला घ्यायला आली होती. मी तिला बाजूला घेऊन म्हणाले, उद्या याला ठेवा घरी, कामाला मदत होईल तुम्हाला.

ती साधी बाई. तिने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "आ परसों? परसों भेजीं?" म्हणजे, परवा पाठवू ना?

मला कोणी तसं करायला सांगितलं नव्हतं. कुठला आदेश नव्हता. मीच केलं. शाळा निपुण झाली. प्रमाणपत्र आलं. आणि त्या संध्याकाळपासून तिचा 'परसों' माझ्या डोक्यातून जाईना. कारण तिला बरोबर कळलं होतं. उद्या याची शाळेला अडचण आहे, परवा चालेल. आपला मुलगा कोणत्या दिवशी चालतो, हे तिला विचारून घ्यावं लागत होतं.

आणि तेव्हा मला कुमठ्याचा तो वर्ग आठवला. पाहुणे आले तरी मुलं कामातून उठली नव्हती. मी त्याला शिस्त कमी म्हटलं होतं. खरं म्हणजे तिथे पाहुण्यांसाठी वेगळं काही मांडलेलंच नव्हतं. ज्याला येत होतं तो येत असल्यासारखा बसला होता, ज्याला येत नव्हतं तो येत नसल्यासारखा. कोणाला लपवलेलं नव्हतं. मी तिथून रंग उचलून आणला होता. उचलायला हवं होतं ते हे.

याचा विचार करताना मला एक गोष्ट लक्षात आली. विस्तार अधिकारी हे पद मुळात तपासणीचं. अधिकारी तपासायला येतो म्हटलं की शिक्षक लपवतो. शिक्षक लपवतो म्हटलं की मूल लपवतं. पाटीवर हात ठेवतं, शेजाऱ्याचं बघतं, "समजलं का" विचारल्यावर जोरात "हो" म्हणतं. हीच साखळी उलटीही चालते. अधिकारी जेव्हा विचारतो, "कुठे अडलंय, दाखवा, आपण मिळून बघू," तेव्हा शिक्षक दाखवतो. आणि ज्या शिक्षकाला आपलं अडलेलं दाखवता येतं, त्याच्याच वर्गात मूल म्हणतं, "मैडम, हमके ना आवत." शाळेची संस्कृती वगैरे मोठे शब्द आपण वापरतो. माझ्यापुरता तिचा अर्थ एवढाच आहे. त्या शाळेत 'मला येत नाही' हे किती निर्धास्तपणे म्हणता येतं?

आमच्या संकुलाची दर महिन्याला शिक्षकांची बैठक होते. पद्धत अशी की, प्रत्येक शाळेने चांगलं काय केलं ते सांगायचं, फोटो दाखवायचे, टाळ्या. पुढच्या बैठकीत माझी पाळी आली. मी प्रमाणपत्राचा फोटो काढला होता, तो दाखवायचा होता. त्याऐवजी मी त्या मुलाचं सांगितलं. आवाज थरथरत होता माझा. नोकरीचं काय होईल, असंही मनात होतं. मी बोलून थांबले तर खोलीत कोणी बोलेना. पंखा तेवढा फिरत होता. मग मागच्या बाकावरचे एक वयस्कर गुरुजी, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले, म्हणाले, "हमने तीन रखे थे घर पर." मग आणखी एक जण. मग आणखी एक.

त्या दिवशी आम्ही फोटो बघितले नाहीत. त्या दिवशी पहिल्यांदा आम्ही शिकवण्याबद्दल बोललो.

मग एक नियम ठरला. लेखी नाही, आपसातला. बैठकीत प्रत्येकाने आधी या महिन्यात न जमलेली एक गोष्ट सांगायची आणि मग जमलेली. आमच्याकडे शाळांना मार्गदर्शन करायला एआरपी येतात, त्यांच्या कामाला 'सहयोगात्मक पर्यवेक्षण' म्हणतात. आम्ही त्यांना म्हटलं, सहयोगात्मक म्हणताय ना, मग तुम्हीही सांगा तुमचं न जमलेलं. त्यांनी सांगितलं. तिथून शब्द आणि काम जरा एका रेषेत आले.

वर्गात काय बदललं, ते सांगते. नवं म्हणावं असं थोडंच आहे.

एक, बिलार. मी एका भिंतीवर दोन रकाने केले. एकीकडे घरचा शब्द, एकीकडे पुस्तकातला. बिलार, बिल्ली. पिसान, आटा. मुलांनी घरून शब्द गोळा करून आणायचे. पहिल्या आठवड्यातच रकाना खालपर्यंत भरला. शब्द त्यांचा, म्हणून वाचायची ओढ त्यांची. मी माझाही एक रकाना केला, मराठीचा. मांजर लिहिलं. मुलं खूप हसली. या वेळी मीही हसले, कारण या वेळी ती मला हसत नव्हती, शब्दाला हसत होती. सातारा जिल्ह्यातच फलटणला डॉ. मॅक्सिन बर्नसन यांनी १९८४ साली प्रगत शिक्षण संस्था सुरू केली. मूळच्या अमेरिकेच्या, पण फलटणच्या मराठीत समाजाप्रमाणे कसे फरक पडतात, यावर त्यांनी डॉक्टरेट केली होती. घरची बोली म्हणजे चूक नव्हे, हे आपल्याकडे माहीत असलेलं आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही निदान पाचवीपर्यंत शक्य तिथे घरच्या भाषेतून शिकवा असं म्हटलं आहे. त्या धोरणावरचा अखिल भारतीय शिक्षा समागम जुलै २०२२ मध्ये आमच्याच शहरात भरला होता. सभागृहात ठरलेलं वर्गापर्यंत यायला अंतर फार असतं. माझ्या बाबतीत ते एका भिंतीएवढं निघालं.

दोन, करघा. हातमागाला आम्ही करघा म्हणतो. तो मुलगा लग्नसराईत येत नाही, तर आपण जावं, असं ठरवलं. ही कल्पनाही माझी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला १९४५ मध्ये काम सुरू केलं आणि पुढे कोसबाडला नेलं. मुलं शाळेत येत नाहीत, म्हणून अंगणात अंगणवाडी, आणि मुलं गुरं राखायला जातात, म्हणून कुरणातच कुरणशाळा. आमच्याकडे कुरण नाही, करघा आहे. मी शाळा सुटल्यावर आठवड्यातून दोनदा त्याच्या घरी जाऊन बसायला लागले. आणि मलाच शिकायला मिळालं. विणकामाआधी बूटीचा नक्शा चौकटींच्या कागदावर काढतात, मग त्यावरून पत्त्यांना भोकं पाडतात. भोक आहे किंवा नाही, त्यावर धागा वर उचलला जाणार की नाही ते ठरतं. हा मुलगा, ज्याला मी गुणाकार येत नाही म्हणून तीन वर्षं मागे बसवलं होतं, तो एका नजरेत सांगायचा की या पट्टीत किती बूट्या बसतील आणि दोन बूट्यांमध्ये किती घरं सोडायची. गुणाकार त्याला येत होता. फळ्यावरचा गुणाकार येत नव्हता. मी दुसऱ्या दिवशी वर्गात चौकटींचे कागद आणले आणि त्याला शिकवायला उभं केलं. बाकीच्यांनी त्याच्याकडून बूटी शिकली. त्याने त्यांच्याकडून 'चार सत्ते' शिकलं.

यात एक अडचण आहे, ती सांगायला हवी. मुलाने करघ्यावर बसावं असं मी म्हणत नाही. त्याच्या बापाशी मी याच गोष्टीवरून भांडलेही. करघ्यातलं त्याचं शहाणपण शाळेत यावं आणि तो स्वतःही शाळेत यावा, दोन्ही हवं. बाप म्हणाला, लग्नसराईत सकाळचे चार तास शाळेत, नंतर घरी. पूर्ण जिंकले नाही मी. पण आधी शून्य तास होते.

तीन, परीक्षेचा दिवस. पुन्हा तारीख आली. आता तो पाचवीत, आणि त्याची धाकटी बहीण तिसरीत. ती त्याच्यासारखीच हळू वाचणारी. आदल्या संध्याकाळी आम्ही सगळे शिक्षक बसलो. हेडसरांनी विचारलं, सगळी मुलं येणार ना? मी म्हटलं, सगळी. ते म्हणाले, मग या खेपेला शाळा कदाचित निपुण होणार नाही. मी म्हटलं, कदाचित नाही होणार. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "सबको बुलाइए."

सगळी मुलं आली. धाकटी पुढे बसली. तिने हळूहळू वाचलं, मध्ये दोनदा थांबली, एका ठिकाणी घरचा शब्द वाचला आणि स्वतःच दुरुस्त केला. मिनिट संपलं तेव्हा साठ शब्द झाले नव्हते. त्या वर्षी आमची शाळा निपुण झाली नाही.

टाळ्या वाजवण्यासारखा हा शेवट नाही, मला माहीत आहे. पण त्या यादीत आमच्या शाळेची खरी पटसंख्या होती. कोण कुठे अडलंय याचा खरा आकडा पहिल्यांदा आमच्या हातात आला, आणि त्यावरून आम्ही पुढच्या सहा महिन्यांचं काम आखलं. खोट्या आकड्यावरून काम आखता येत नाही, फक्त फलक लावता येतो. संकुलाच्या बैठकीत मी हे सांगितलं, न जमलेल्या गोष्टीत. त्या निवृत्तीला आलेल्या गुरुजींनी टेबलावर हात आपटून म्हटलं, ये जमलेल्यात लिहा. ते मराठी शब्द त्यांनी माझ्याकडूनच शिकले होते.

आता तुमच्याकडे येते. तुमच्यात शिक्षक असतील, केंद्रप्रमुख असतील, पालक असतील, शाळा समितीवर असलेले कोणी असतील. शाळेच्या भिंती रंगवा, टॅबलेट आणा, सगळं करा. पण आधी एकदा चौकशी करा की, अधिकारी येतात त्या दिवशी तुमच्या शाळेतलं कोणतं मूल घरी असतं. ते कधी मागच्या बाकावर असतं, कधी आजारी असतं, कधी शेतावर असतं. त्याला शोधा. त्याच्या घरी जा. त्याला काय येतं ते विचारा, काय येत नाही ते नंतर.

तो मुलगा आता सहावीत गेलाय, आमच्या शेजारच्या उच्च प्राथमिक शाळेत. मोठं पुस्तक अजून अडखळत वाचतो. परवा त्याची आई दारात भेटली. धाकटीचं दप्तर तिच्या हातात होतं. दुसऱ्या दिवशी शाळेत तपासणी होती, हे तिला कुठूनतरी कळलं होतं. ती काही विचारेल म्हणून मी थांबले. तिने काहीच विचारलं नाही. म्हणाली, बिहान जल्दी भेजब. उद्या लवकर पाठवते.